मस्कतचं पाकीट आणि असोद्याचं भरीत

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. मस्कतला टॅक्सीत विसरलेलं माझं पाकीट ड्रायव्हरने शोधत येऊन परत केलं, हा किस्सा मी जळगावात इतक्यांना ऐकवला आहे की लोक आता फर्माईश करतात. पण त्याच महिन्यात आमच्या खोलीच्या जिन्यात मला दुसऱ्या कुणाचं पाकीट सापडलं होतं, कागदी, पैशांनी फुगलेलं. ते मी परत केलं नाही.

पाकीट असोद्याच्या एकनाथनानांचं होतं. केळीच्या बागेला ठिबक टाकायला त्यांनी ते पैसे जमवले होते. आम्ही खानदेशची सहा माणसं एका खोलीत राहायचो. शुक्रवारी ज्याची स्वयंपाकाची पाळी, तो घरी थांबायचा आणि खोलीतल्या सगळ्यांच्या चीजवस्तू त्याच्या भरवशावर असायच्या. त्या शुक्रवारी पाळी धुळ्याच्या दगडूभाऊंची होती. नानांचे धुतलेले शर्ट मी गच्चीवर वाळत घालायला नेले, कोरडा एक त्यांत चुकून आला होता, त्याच्या खिशातून पाकीट जिन्यात पडलं. संध्याकाळी देऊ म्हणून मी ते उशीखाली सरकवलं आणि बाजारात गेलो. परत आलो तर खोलीत आरडाओरडा चाललेला, आणि सगळे दगडूभाऊंकडे बघत होते. तेव्हा बोललो असतो तर ‘इतका वेळ कुठं होतं?’ असं विचारलं असतं. मी बोललो नाही. पुढे त्या पैशांतून आमच्या स्वयंपाकघराची फरशी झाली.

या हिवाळ्यात तेवढे पैसे खिशात घालून मी असोद्याला निघालो. जळगावहून असोदा ते केवढं? पण रिक्षावाल्याला अजून दोन माणसं हवी होती, आणि ती मिळेपर्यंत त्याने मला उन्हात बसवून ठेवलं. निघाल्यावर एक बाई केळीच्या फण्या माझ्या मांडीवर ठेवून निर्धास्त झाल्या.

दरवर्षी या दिवसांत नाना खोलीतल्या जुन्या मंडळींना मळ्यात भरीत खायला बोलावतात. मी कायम काहीतरी सबब सांगायचो. यंदा गेलो. काड्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती, बडजीत (लाकडी खोलगट भांड्यात) मिरची-लसूण कुटणं चालू होतं, धूर बरोबर माझ्याच बाजूला येत होता.

“या बाप्पा! आमच्या घरचा रस्ता सापडला म्हना!” नाना म्हणाले. केळीच्या पानावर बसतो न बसतो तोच, “तो टॅक्सीवाला सांगा नं भाऊ.”

सांगितला. काय करणार? पंगतीत दगडूभाऊ नव्हते. वाढायच्या आधी हात धुताना नानांना बाजूला घेतलं.

“नाना, तुमचे ते मस्कतला गेलेले पैसे...”

“ते कव्हाचेच फिटले. दगडूनं भरले. तठीच (तिथंच), पगारातून, थोडे थोडे करूनशान. मी कोनाले बोललो नाही.”

“दगडूभाऊंनी? पण त्यांनी कुठं...”

“घेतले नसते तं भरले असते का त्यानं? जाऊ द्या. गरिबाले मोह पडला असीन. पन मी त्याले भरताले बोलावत नाही. चला, पुऱ्या थंड होऊन राह्यल्या.”

इथे बोलायचं होतं. मी जाऊन पुऱ्या वाढून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला निघालो. पारोळ्यावरून जाणारी गाडी डोळ्यांदेखत सुटली, म्हणून धरणगाव-अमळनेरवाली धरली. धरणगावजवळ कापसाची ट्रॉली आडवी झालेली. दोन्ही बाजूंना गाड्या, कापूस रस्त्यावर, आणि मदत करणाऱ्यांपेक्षा सल्ले देणारे जास्त. शेजारच्या टोपीवाल्या आबांना वेळ जात नव्हता.

“काय करतस भाऊ?”

“आता काही नाही. आधी मस्कतला होतो.”

“बाहेरदेशी! तठला लोके कसा शेत (आहेत)?”

माझ्या खिशात ते पैसे होते. कुणाकडे चाललो होतो ते माहीत होतं. आणि मी पुन्हा टॅक्सीवाल्याची गोष्ट सांगितली! जीभच ती, सवयीने सुरू झाली. आबा हळहळले. “आपलाकडे आसं व्हनार नही. आपला लोके बठ्ठा (सगळे) चोर.”

“खरंय,” मी म्हणालो. खिडकीतून उडी मारावीशी वाटली, पण खिडकी गंजून बसली होती.

धुळ्यात दगडूभाऊंचं मिरची कांडपाचं दुकान आहे. आयुष्यातली एकुलती एक कबुली द्यायला माणसाने कुठली जागा निवडावी? आत पाऊल टाकताच मला शिंका सुरू झाल्या. मशीन धडधडत होतं. दगडूभाऊ तोंडाला फडकं बांधून डब्यात मिरच्या लोटत होते.

“कव्हय उना (कधी आलास)?” ते ओरडले.

“आत्ताच. दगडूभाऊ, ते पाकीट...”

“काय?”

“नानांचं पाकीट!”

“ऐकू येत नही!”

“पाकीट मला सापडलं होतं! मी ठेवून घेतलं!” मी जीव खाऊन ओरडलो. मिरच्यांची पिशवी घेऊन उभी असलेली बाई दोन पावलं मागे सरली. दगडूभाऊंनी मशीन बंद केलं. मला आणखी दोन शिंका आल्या, आणि त्या शांततेत त्या फारच मोठ्या वाटल्या.

“बठ,” ते म्हणाले. फडकं सोडलं. लाल झालेले हात पुसले.

“तुम्ही घेतले नव्हते, मग भरले कशाला?” मी विचारलं. मला त्यांचा राग आला होता, खरं सांगतो. त्यांनी भरले नसते तर माझं ओझं निम्मं असतं.

“पाळी मनी (माझी) व्हती ना. खोली मना भरोसावर व्हती. तू नही ऱ्हायना का तठे? तुले ठाऊक नही का?”

मला ठाऊक होतं. ते भरतील असं मात्र वाटलं नव्हतं, आणि भरले म्हणूनच ते चोर ठरतील, असंही वाटलं नव्हतं.

मी पैसे पुढे केले. त्यांनी न मोजता तराजूखाली ठेवले. “हाऊ पैसा मना शे, तो मी लिसू (घेईन). पन एक सांग. आते इतलं जोरमा बोलना, तसं असोदाले काबर (का) नही बोलना?”

बाई म्हणाली, “भाऊ, मनी मिरची राहिनी.” दगडूभाऊंनी फडकं बांधलं. मशीन सुरू करण्याआधी एवढंच म्हणाले, “एकनाथना भरीतना वास माले आठे बशीसन (इथे बसून) येस. तू तठे सांग. मंग मी यी (येईन).”

मी रात्री जळगावला पोहोचलो. बायकोने विचारलं, कसा झाला प्रवास? गाड्यांचा त्रास झाला, असं सांगितलं. मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि ती फरशी बघून दारातच थांबलो.

हे लिहून झालं की आधी तिला वाचायला देणार आहे. वांग्यांचे दिवस अजून थोडे उरलेत. नानांचा पुन्हा निरोप आला आहे, भरताला या म्हणून. पैसे मी दिले. असोद्याच्या पंगतीत उभं राहून दगडूभाऊंच्या नावावरचा आळ पुसणं अजून बाकी आहे. ते मी देणं लागतो.