आमच्या दारावरून

दर रविवारी ते पिशवी घेऊन आमच्या गल्लीत यायचे. निपाणीतल्या मुलींच्या एका बोर्डिंगचे ते कारकून. तंबाखूच्या व्यापाऱ्यांनी देणगीला हात आखडता घेतला, तेव्हा त्यांनी आम्हा बायकांना सांगितलं, "पैसं नगंत आक्का. रोज चूल पेटवायच्या आधी मूठभर जोंधळं बाजूला काढून ठिवा."

प्रत्येक दारात ते चपला काढायचे. जोंधळे घेतले की पिशवीचं तोंड गाठ मारून बांधायचे आणि शेजारच्या दारात पुन्हा सोडायचे. कुणी किती दिलं ते दुसरीला दिसू नये म्हणून.

माझे मालक वारले. दिवस उरकल्यानंतरच्या रविवारी मी आठवड्याचे जोंधळे सुपात घेऊन दाराआड उभी होते. ते पुढे निघून गेले.

शेजारीण म्हणाली, "आप्पा, हिचं दार इसरलासा व्हय?"

"न्हाय आक्का," ते हळूच म्हणाले. "आता त्यांच्याकडनं कसं घ्यायचं?"

त्यांनी भल्यासाठीच केलं, हे मला कळत होतं. हाक मारावी असं फार वाटलं. जोंधळे परत डब्यात ओतले. पुढच्या रविवारीही ते थांबले नाहीत, तेव्हा मी मूठ काढायचं बंद केलं.