बालाघाट ते पिथौरागढ, गाडी अपेक्षाची

नोकरीची ऑर्डर मोबाइलवर आली आणि अपेक्षाने आधी नकाशा उघडला. पिथौरागढ, उत्तराखंड. बालाघाटहून साडेबाराशे किलोमीटर, त्यातले शेवटचे दीडशे निव्वळ डोंगर. सात वर्षं खासगी दवाखान्यात राबल्यावर सरकारी नर्सची नोकरी हाती आली होती. ती सोडण्याचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न होता जायचं कसं याचा. सहा वर्षांची समीक्षा, तीन वर्षांचा रजत, अंथरुणं, भांडी, आणि नवऱ्याची हत्यारांची पेटी. मोहित टीव्ही-मिक्सर दुरुस्त करायचा. हे काम कुठेही चाललं असतं. पण जन्मापासून त्याचा एक डोळा अधू, त्यामुळे गाडीच्या लायसनचं नाव नाही. दारात जुनी चारचाकी होती, ती अपेक्षाच चालवायची. तीही घर ते दवाखाना, एवढीच.

"एवढ्या दूर बाईमाणूस गाडी नेते का?" मोहल्ल्यातली माणसं म्हणू लागली.

"काहून नाई नेनार?" सासरे शालिकराम म्हणाले. "मी शिकवतो तिले."

त्यांनी तीस वर्षं उकव्याच्या खाणीतून मॅंगनीजचा ट्रक चालवला होता. पुढचे दोन महिने दर रविवारी ते सुनेला घेऊन गांगुलपाऱ्याच्या घाटात जात. मात्र चढावर गाडी नीट जाऊ लागली तरी त्यांचं समाधान होईना.

"पुढं तं कोनीबी नेते," ते म्हणत. "मागं घेऊन दाखव."

मग ती वळणावळणाने गाडी मागे घ्यायची. पहिल्या रविवारी मागचा दिवा फुटला. चौथ्या रविवारी तिला रडू आलं. सातव्या रविवारी शालिकराम खाली उतरले, दगडावर बसले आणि बिडी ओढत बसले. अपेक्षा एकटीच गाडी मागे घेत घाट उतरली आणि वर आली.

एप्रिलमध्ये ते निघाले. सिवनी येईपर्यंत समीक्षाला तीन उलट्या झाल्या. अपेक्षाने तेव्हाच ठरवलं, घाई करायची नाही. दर तासाला गाडी थांबवायची, पोरांना पळू द्यायचं, मूठभर मुरमुरे खाऊ घालायचे, मग पुढे. रजत प्रत्येक पुलावर "वैनगंगा आली!" म्हणून ओरडायचा. त्याच्या हिशेबी नर्मदा, बेतवा, चंबळ आणि यमुना या सगळ्या वैनगंगाच होत्या. पहिला मुक्काम सागर, दुसरा आग्रा, तिसरा टनकपूर. आग्र्याच्या गर्दीत तिचे खांदे भरून आले, तेव्हा मोहितने मागच्या सीटवरून ते दाबून दिले.

चौथ्या दिवशी डोंगर सुरू झाला. चंपावत मागे पडलं आणि एका वळणापुढे रस्त्याचा अर्धा भाग दरडीने खाल्लेला दिसला. समोरून बस आली होती, बसच्या मागे सात-आठ गाड्या अडल्या होत्या. अपेक्षाच्या मागे कोणी नव्हतं. मागे सरकायचं तर तिनेच. डाव्या हाताला खोल दरी.

बसचा कंडक्टर मोहितच्या खिडकीशी आला. "भाईसाहब, गाडी पीछे लेनी पडेगी. मॅडम से नहीं होगा, आप बैठ जाइए."

"मुझे आती ही नहीं," मोहित म्हणाला. "इन्हीं को आती है."

अपेक्षाची बोटं स्टिअरिंगला घट्ट चिकटली होती. ती सोडवून तिने हँडब्रेक ओढला.

"तुमी लेकरं घेऊन उतरा," ती मोहितला म्हणाली. "डोंगराच्या अंगानं चाला. मले फक्त हात दाखवा."

दोन वळणं आणि अडीचशे पावलं. तिने एकदाही दरीकडे पाहिलं नाही. आरसा, डोंगराची कड आणि मोहितचा हात, एवढंच. दुसऱ्या वळणावर मागचं चाक खडीवर घसरलं. तिने ब्रेक दाबला, थांबली, चाक सरळ केलं आणि पुन्हा इंचाइंचाने मागे आली. शेवटी रस्ता रुंद झाला तिथे तिने गाडी डोंगराला लावली.

बस अगदी लगतून गेली. ड्रायव्हरने खिडकीतून हात बाहेर काढून कडक सलाम ठोकला. आतल्या बायका टाळ्या वाजवत होत्या. समीक्षा उड्या मारत किंचाळली, "मेरी मम्मी है! मेरी मम्मी!"

अपेक्षा तेव्हा रडली आणि हसलीही.

ऊन कलायच्या आत ते पिथौरागढला पोहोचले. तिने शालिकरामांना फोन लावून सगळं सांगितलं.

"क्लच जळाल्याचा वास तं नाई आला?" त्यांनी विचारलं.

"नाई, बाबा."

मग त्यांचा आवाज दूर गेला, ते फोन हातात धरूनच गल्लीत निघाले होते आणि दिसेल त्याला सांगत होते, "पोहोचली! माह्या सुनेनं गाडी नेली हिमालयात!"

सोमवारी सकाळी अपेक्षाने पांढरा कोट घातला, लेकरांना मोहितजवळ दिलं आणि वॉर्डात हजर झाली.