पियानोतला कापूस

मैत्रिणींनो, दुपारपासून काही सूर कानातून जाईनात, म्हणून लिहायला बसलेय.

आमच्या जालन्याच्या घरी एक जुना पियानो आहे, माझ्या आत्याचा. आत्या आता नव्वदीच्या पुढची. तरुणपणी ती हैदराबादेत शिकली, तिथल्या मोठ्या सभागृहांत वाजवायची. तिला तो पियानो एकदा परत ऐकायचा होता, म्हणून आज दुरुस्तीवाला बोलावला.

त्यानं झाकण उघडलं. "आज्जी, ह्यात कापूस कुणी कोंबला?"

"कुणी म्हंजे? मीच. घरच्या शेतातला हाय, बराबर काढ."

मग तिनं सांगितलं. निजामाच्या राजवटीचे शेवटचे, दहशतीचे दिवस होते. वडिलांनी तिला पियानोसकट इथे घरी आणलं. ती रियाज सोडेना. वडील म्हणाले, "वाजव, पण आवाज रस्त्यावर जायला न्हाई पाहिजे." तिनं तारांत कापूस भरला आणि त्या दबक्या सुरांवर पुढच्या मैफलीची तयारी करत राहिली. मैफल झालीच नाही, लग्न झालं; पियानो कापसासकट इथंच राहिला.

तारा जुळवून झाल्यावर आत्यानं बोटं ठेवली. खोली एकदम भरून गेली. तिनं दचकून हात मागे घेतला.

"अगं, दार लाव जल्दी!"

मी उठले, तेवढ्यात तिचं तिलाच हसू आलं. "बस खाली. राहू दे उघडं."

मग ती वाजवतच राहिली. पिवळ्या पडलेल्या कापसाचे पुंजके पंख्याच्या वाऱ्यावर फरशीभर तरंगत होते. रस्त्यावरचा भाजीवाला हातगाडी थांबवून ऐकत होता.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईला कधी विचारलंय का, लग्नाआधी ती काय करायची?