तोफेच्या घरी शांत पोपट

माझ्या मुलीला घरात सगळे तोफ म्हणतात. नाव तिच्या धाकट्या भावाने ठेवलं आणि तिला ते आवडतं, म्हणून मीही तेच वापरते. तिने दार लावलं की चौकट हादरते, खुर्ची सरकवली की फरशी किंचाळते, आणि भांडी घासायला घेतली की शेजारच्यांना वाटतं, आमच्याकडे आज पुन्हा वाजलं. तिला मात्र यातलं काहीच कळत नाही. लहानपणी तिला मोठा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना दोन्ही कान घेऊन गेला.

ऐकू न येणारी माणसं शांत असतात असा लोकांचा समज आहे. त्यांनी आमच्या घरी एक दिवस काढावा. आपण पातेलं हळू ठेवतो ते आपल्याला आवाज ऐकू येतो म्हणून. जिला तो येतच नाही, ती हळू कशाला ठेवील? आणि ठेवलं तर हळू म्हणजे नेमकं किती हळू, हे तिला कोण सांगणार?

तोफ कवळ्या बनवते. लांबट खोली, खिडकीच्या कडेने टेबलं, टेबलांवर प्लास्टरच्या जबड्यांचे साचे ओळीने मांडलेले. ती गुलाबी मेणात एकेक दात बसवते, साचा मिटून पाहते, पुन्हा उघडते. बाजूलाच कवळ्या घासायची यंत्रं दिवसभर केकाटत असतात. बाकीचे कानात बोळे घालून बसतात, हिला त्याचीही गरज नाही. कुणी बोलायला आलं की ती त्याच्या ओठांकडे बघते. "दिवसभर लोकांचे ओठ वाचायचे आणि लोकांचे दात बनवायचे," ती म्हणते. "माझा धंदाच तोंडाचा आहे."

नोकरी पक्की झाल्यावर तिने वेगळी खोली घ्यायचं ठरवलं. मी नको म्हटलं. रात्री कुणी दार वाजवलं तर? गॅस सुरू राहिला तर? तिने माझं सगळं शेवटपर्यंत वाचून घेतलं आणि म्हणाली, "आई, तुझ्या ओठांना दम लागला. आता मी बोलते. मी जाणार आहे."

खोली तिसऱ्या मजल्यावर. मालकीणकाकू तळमजल्यावर राहतात. पहिल्या भेटीत त्या भलत्याच खूश झाल्या. "ऐकू येत नाही ना? मग टीव्ही नाही, गाणी नाहीत, फोनवर गप्पा नाहीत. सोन्यासारखी भाडेकरू मिळाली हो!"

त्या सोन्याचा खणखणाट आठवडाभरात सुरू झाला. तोफेच्या बरोबर खाली एक काका राहतात. शीतगृहात रात्रपाळी करून ते सकाळी घरी येतात आणि डोक्यावर पांघरूण घेऊन झोपतात. त्याच वेळी वर आमची तोफ कामावर जायची तयारी करते. बादली, खुर्ची, कपाट, कुकरचं झाकण. काकांनी आधी छताला काठी ठोकली. ती कुणाला ऐकू जाणार? मग ते वर आले आणि दार बडवून बडवून थकले. शेवटी ते मालकीणकाकूंकडे गेले, आणि मालकीणकाकूंनी मला बोलावून घेतलं.

"अजून एक तक्रार आली की खोली रिकामी करायची. सांगा तिला."

तोफ माझ्या शेजारीच उभी होती. काकू तिच्याकडे न बघता माझ्याशी बोलत होत्या, आणि बोलताना त्यांची खालची कवळी सरकत होती, त्यामुळे त्यांचे ओठ वाचणं म्हणजे पाण्याखालचं अक्षर वाचणं.

"खोली माझी आहे," तोफ म्हणाली. तिला वाटलं ती हळू बोलली. जिन्यातलं मांजर पळून गेलं. "माझ्या खोलीबद्दल माझ्याशी बोला. तोंड माझ्याकडे करून."

काकू माझ्याकडेच बघत पुन्हा म्हणाल्या, "सांगा तिला."

आणि अशी गळ्याशी आलेली असताना, पुढच्याच रविवारी जेवता जेवता तोफेने जाहीर केलं, "मी पोपट घेणार आहे."

धाकट्याला ठसका लागला. "तुला पोपट? अगं, टकल्याला कंगवा!"

"मासे घे," मी म्हटलं. "ओरडत नाहीत."

"माशांना मी दिसत नाही," ती म्हणाली. "मी कामावरून येते, कुलूप काढते, आत जाते आणि आत काहीही हललेलं नसतं. तुम्हाला निदान पंख्याचा, नळाचा आवाज येतो. मला घर मेलेलं दिसतं. मला कुणीतरी वळून बघणारं पाहिजे."

मी घाबरते आणि घाबरले की वाचते. फ्लॅटमध्ये कुठला पोपट शांत राहतो, याबद्दल मिळेल ते सगळं वाचून काढलं. मोठे, भरजरी पंखांचे ते पहिल्या फेरीतच बाद. त्यांची हाक दोन इमारती पार करून जाते. लव्हबर्ड दिसायला इवलेसे, पण आवाज सुईसारखा. बजरी गोड, पण दिवसभर किलबिल. सगळ्यांनी एक गोष्ट मात्र बजावून लिहिली होती: मुका पोपट असा प्रकार नसतो. शांत म्हणजे कमी ओरडणारा, एवढंच.

पक्ष्यांच्या दुकानात आम्ही दोघी गेलो. दाराशीच तो कलकलाट अंगावर आला. दुकानदाराने पानाने भरलेला गाल एका बाजूला सारत विचारलं, "काय देऊ ताई?"

"शांत पोपट द्या."

"शांत पोपट!" तो पोट धरून हसला. "म्हणजे गोड मीठ द्या की!" मग त्याला कळलं की पोपट मुलीसाठी आहे आणि मुलगी एकटी राहते. "मग बोलणारा घ्या ना. पोरीला सोबत होईल, गप्पा मारील."

तोफेने त्याचे ओठ वाचले. "माझ्याशी गप्पा मारून त्याचंच तोंड दुखेल," ती म्हणाली.

मी पिंजऱ्या-पिंजऱ्यापाशी थांबून कान देत होते. हा कर्कश, हा बरा, हा नकोच. तोफ माझ्यामागून नुसती बघत येत होती. इतक्यात दुकानदाराच्या हातून दाण्याचं स्टीलचं भांडं सुटलं. मी दचकले. तोफेची पाठ त्याच्याकडे होती. तिच्यासमोरच्या पिंजऱ्यात करड्या अंगाचा, गालावर फिकट नारिंगी ठिपका असलेला कॉकाटेल जातीचा एक छोटा पोपट बसला होता. त्याच्या डोक्यावरचा चपटा तुरा ताडकन उभा राहिला. तोफेने तुरा बघितला, मग मान वळवली आणि जमिनीवर गरगर फिरणारं भांडं बघितलं.

ती परत पिंजऱ्याकडे वळली. मला म्हणाली, "आई, माझ्यामागे जाऊन टाळी वाजव."

मी वाजवली. तुरा उभा.

"आता हळू."

हळू वाजवली. तुरा अर्धाच उठला आणि बसला.

"आता वाजवू नकोस, नुसती उभी राहा."

तुरा पडलेलाच राहिला. तोफेने पिंजऱ्याच्या दांडीवर बोट टेकवलं. "हाच."

"मादी आहे," दुकानदार म्हणाला. "नरासारखी शीळ नाही घालणार, बोलायची आशा तर सोडाच. भूक लागली की चिडेल आणि अंधार पडायला लागला की थोडी हाका मारील. लोक घेत नाहीत हिला, म्हणतात मुखदुर्बळ आहे."

"मला बोलणारा नकोय," तोफ म्हणाली. "ऐकणारा पाहिजे."

मला ते तेव्हा नीट कळलं नव्हतं. कळलं ते तिच्या खोलीत. मी तिच्याकडे गेले होते, तिने मला बसायला खुर्ची ओढली. अर्धी ओढून ती थांबली, पिंजऱ्याकडे बघितलं, तुरा उभा होता. तिने खुर्ची उचलली आणि अलगद ठेवली. जुन्या लोकरीच्या टोपीचे तुकडे करून तिने खुर्चीच्या पायांना मोजे शिवले होते. कपाटाच्या दाराला पट्टी चिकटवली होती. भांड्यांखाली जाड फडकं होतं. कुठलंही काम करताना तिची एक नजर पिंजऱ्याकडे असायची. शाळेत वर्गात गडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला एक मॉनिटर असतो ना, तसा तो दांडीवर बसून होता. तिने त्याचं नावही मॉनिटरच ठेवलं. मादी असली तरी आम्ही सगळे 'तो'च म्हणतो.

"नॉनस्टिक तवा तापवून ठेवू नकोस," मी सांगितलं. "त्याच्या धुराने पक्षी मरतात. आणि एवढा वेळ पिंजऱ्यात कोंडू नकोस."

"तवा तुला दिला ना परत? आणि संध्याकाळी तो माझ्या खांद्यावरच असतो. बघ, सगळ्या खोलीभर त्याच्या अंगाची पांढरी पूड झाली आहे. आई, तू आता मॉनिटरचीही काळजी करणार का?"

करणारच. मला वाटलं, मालकीणकाकूंना हे बाहेरून कळलं तर संपलंच. म्हणून मी माझ्या डोक्याने एक उद्योग केला. काकूंना गाठून, जणू काही अजून घडलंच नाही असा आव आणत विचारलं, "समजा, मुलीने एखादा छोटासा पोपट आणला तर?"

"पोपट?" काकूंची कवळी जागेवरून उडालीच. "आधीच ती एकटी बारा जणांचा आवाज करते, त्यात पोपट! आणून तर दाखवा. रविवारी मी वर येते आणि समक्ष सांगते. खालच्यांनाही घेऊन येते."

रविवारी सकाळी हे तोफेला सांगितलं तेव्हा ती माझ्यावर उखडली. "तू का विचारलंस? खोली कुणाची?"

"बाळा, आजच्या दिवस पिंजरा आपल्या घरी नेऊ. धाकटा स्कूटर घेऊन येतो."

"चोरी केली आहे का मी, लपवायला?"

धाकटा खरंच स्कूटर घेऊन खाली आला होता. तिने खिडकीतून त्याला हाताने जा म्हणून खुणावलं. मग पिंजरा कोपऱ्यातून उचलून खिडकीत, दारातून पहिली नजर पडेल असा ठेवला. हरली तर तिला सामान बांधून माझ्याकडे यावं लागणार होतं, आणि माझ्याकडे आलेली तोफ पुन्हा वेगळी खोली घ्यायचं धाडस कधी करणार होती? बहिऱ्या मुलीला दुसऱ्यांदा खोली देणार कोण?

मालकीणकाकू आल्या. मागे काका, डोळे चोळत. काकूंनी दारातूनच पिंजरा बघितला. "म्हणजे आणलासुद्धा!"

काका म्हणाले, "आजच आणलेला दिसतोय."

"महिना होत आला," तोफ म्हणाली.

"छे, शक्य नाही." काका पिंजऱ्याजवळ गेले. मॉनिटरने त्यांना एका डोळ्याने बघितलं. "मी बरोबर खाली झोपतो. महिनाभर पोपट असता तर..." ते थांबले. खुर्चीच्या पायांतले मोजे त्यांना दिसले. ते मालकीणकाकूंकडे वळले. "खरं सांगू? हल्ली वरून काही ऐकूच येत नाही. मला वाटलं पोरगी आजारी पडली, नाहीतर आईकडे गेली. परवा मुद्दाम बायकोला वर पाठवून दिवा दिसतोय का बघायला लावलं."

काकू गडबडल्या, पण मालकी अशी सहज सुटत नाही. "आज गप्प आहे. उद्या ओरडला तर?" हेही त्या मलाच विचारत होत्या.

तोफ आमच्या दोघींच्या मधे येऊन उभी राहिली. "ओरडेल. अंधार पडताना थोडा ओरडतो, असं आई सांगते. पक्षी आहे, उशी नाही. तुम्हाला आवाज न करणारी भाडेकरू पाहिजे होती, तशी मी नाही आणि होणारही नाही. मी शिकतेय, ते काकांच्या झोपेसाठी. पण पोपट जाणार नाही, आणि मीही जाणार नाही!"

शेवटचं वाक्य तिने अख्ख्या इमारतीला ऐकवलं. पिंजऱ्यात तुरा ताडकन उभा राहिला. तोफेला तो दिसला. तिने एक श्वास घेतला आणि तेच वाक्य, एकही शब्द न बदलता, हळू आवाजात पुन्हा म्हटलं.

तुरा खाली बसला.

काका आधी हसले. "राहू द्या हो," ते म्हणाले. "तक्रार माझी होती, ती मी मागे घेतो. मला झोपू द्या म्हणजे झालं."

काकूंनी ओठ आवळले, पिंजऱ्याकडे बघितलं, खुर्चीच्या मोज्यांकडे बघितलं. मग पहिल्यांदाच तोंड तोफेकडे करून, कवळी जिभेने दाबून धरत, एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, "यांची. तक्रार. नाही. तोवर. राहा."

"कळलं," तोफ म्हणाली. "खालचा जबडा घेऊन या एकदा. सैल झालाय."

आम्ही तिघं बाहेर पडलो. जिना उतरताना मी सवयीने खांदे आवळले. तोफ आता दार लावणार आणि चौकट हादरणार. काही ऐकू आलं नाही. मागे वळून पाहिलं, तर दार कधीच लागलं होतं.

मालकीणकाकू पुढे होत्या, अजून काहीबाही पुटपुटत. त्या आपल्या घरात शिरल्या, आणि इमारतीचं लोखंडी फाटक मी बाहेर पडताना तोफेच्या वतीने मुद्दाम, हात लांब करून, होता नव्हता तेवढा जोर लावून आपटलं.