चँडलरचे ग्रीक काका

ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये ग्रीक माणसं किती राहतात मला ठाऊक नाही, पण त्या सगळ्यांत अस्सल ग्रीक म्हणजे आमच्या शेजारचे काका, हे मी छातीठोकपणे सांगतो. काका मूळचे नागपूरचे. ग्रीसला कधी गेलेले नाहीत आणि पिझ्झावरचे ऑलिव्ह वेचून काकूंच्या ताटात टाकतात. पण अडीच हजार वर्षांपूर्वी समुद्रकाठी बसून ज्या मंडळींनी ‘हे जग मुळात कशाचं बनलंय?’ असं विचारलं, त्यांच्याशी काकांचं नातं सख्ख्या चुलत्यांसारखं. त्यांची नावं घेताना जीभ वळत नाही म्हणून काकांनी त्यांना आपल्या सोयीची नावं दिली होती. सगळं पाण्यापासून झालं म्हणणारे ते ‘पाणीवाले’, सगळं सतत बदलतं म्हणणारे ‘नदीवाले’, आणि अथेन्सच्या बाजारात लोकांना अडवून व्याख्या मागणारे ‘प्रश्नवाले’. ऐकणाऱ्याला वाटायचं, महाराष्ट्र मंडळाच्या कमिटीतली माणसं असतील.

हा नाद काकांना लागला त्यांच्या मुलीच्या स्विमिंग क्लासबाहेर. तिची वाट बघताना काकांनी लायब्ररीने काढून टाकलेलं एक जुनं पाठ्यपुस्तक उघडलं आणि पहिल्याच धड्यात पाणीवाले भेटले. आता काका होते कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात, पाणी शुद्ध करणाऱ्या विभागात. चिप धुवायला इतकं शुद्ध पाणी लागतं की आपण पितो ते त्याच्यापुढे गाळच. पण कारखान्यात मान चिपवाल्यांचा, पाण्याकडे कोण बघतो? ‘अरे,’ काका मला म्हणाले, ‘इतक्या वर्षांत माझ्या डिपार्टमेंटबद्दल चांगलं बोलणारा पहिला माणूस भेटला, अन् तोही अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेला!’

मी त्यांच्याच हाताखाली काम करायचो आणि त्यांच्याच गाडीतून जायचो, त्यामुळे शिकवणी जाता-येता व्हायची. सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतो, हे पटल्यापासून काका फ्रीवेवर फक्त मधल्या लेनमधून ड्राइव्ह करू लागले. ‘डावी, भरधाव लेन म्हणजे उतावळेपणा, उजवी म्हणजे भित्रेपणा.’ हे सांगता सांगता आमची उतरायची एक्झिट मागे पडायची. ऑफिसला उशीर झाला की मी रुसायचो आणि काका म्हणायचे, ‘उशीर म्हणजे काय, ते आधी ठरवू.’ पाहुणे आले की त्यांना गावाबाहेरच्या नदीच्या कोरड्याठाक पात्रावर नेणं हा दुसरा नेम. एकशे दहा फॅरनहाइटच्या उन्हात पुलावर उभं राहून ते सांगत, ‘नदीवाले म्हणाले, एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही. ॲरिझोना त्यांच्या पुढे गेलं. इथं एकदाही येत नाही!’ पाहुणे हसत. कारण हसल्याशिवाय गाडीचा एसी सुरू होत नसे.

माझ्या मुलीच्या वाढदिवसाला केक कापण्याचं काम त्यांच्याकडे देण्याची चूक आम्ही एकदाच केली. कापत कापत गेलं तर शेवटी न कापता येणारा कण उरेल का, हे त्यांनी मुलांना प्रयोगाने दाखवायला घेतलं. अर्ध्या तासाने केकचा रवा झाला होता. मुलगी रडवेली होऊन म्हणाली, ‘काका, देअर इज नो केक!’ काका आनंदाने म्हणाले, ‘शाब्बास! पण केक गेला कुठे?’ कॉलनीच्या असोसिएशनने ‘अंगणात तण वाढलंय’ अशी नोटीस पाठवली, तेव्हा काकांनी उलट पत्र लिहून गवत आणि तण यांतला नेमका फरक विचारला. तीन पत्रांनंतर असोसिएशनच गप्प बसली. काकू मात्र सुखी होत्या. ‘दुसऱ्यांचे नवरे शेअर बाजाराबद्दल बोलतात,’ त्या म्हणायच्या, ‘त्यापेक्षा हे मेलेले बरे.’

हे सगळं गमतीचं होतं, एका मंगळवारापर्यंत. त्या सकाळी पाण्याची शुद्धता मोजणाऱ्या एका मीटरचा आकडा काही मिनिटं किंचित बिघडला आणि आपोआप पूर्ववत झाला. मोठी ऑर्डर जायची होती. मॅनेजरला संध्याकाळपर्यंत रिपोर्ट हवा होता, आणि त्यात काय लिहायचं तेही त्याने सुचवलं: मीटर खराब, पाणी ठीक. त्यावर काकांची सही, खाली माझी.

‘मीटरच खराब असेल,’ मी म्हणालो.

‘असेल, की आहे?’

काकांनी रिपोर्ट उघडला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘माहीत नाही. शोधेपर्यंत ही प्रॉडक्शन लाइन बंद ठेवावी.’

मॅनेजर धावत आला. ‘बावीस वर्षं इथे आहेस आणि तुला माहीत नाही?’

‘माहीत नाही एवढं कळायलाच बावीस वर्षं लागली,’ काका शांतपणे म्हणाले. लाइन बंद झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तणतणत त्यांच्या घरी गेलो. माझं ग्रीनकार्ड बारा वर्षं रांगेत होतं. तोवरचा व्हिसा नोकरीला बांधलेला; नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर देश सोडा. ‘काका, तुम्ही सिटिझन आहात,’ मी म्हणालो. ‘तुम्हाला प्रश्नवाल्यांसारखं वागणं परवडतं. त्या रिपोर्टवर माझंही नाव आहे. माझी मुलगी इथे दुसरीत आहे. तुम्ही मला एका शब्दाने विचारलंत?’

काकूंनी पुढे केलेला चहा काकांनी घेतला नाही. ते म्हणाले, ‘नाही विचारलं. धैर्य म्हणजे काय, याचा मी किती विचार केला रे. पण ते दुसऱ्याच्या जिवावर दाखवलं तर त्याला काय म्हणायचं, हे डोक्यात आलं नाही. तुझं बरोबर आहे.’

सकाळी ऑफिसला गेलो तर रिपोर्ट बदललेला होता. मजकूर तोच, सही एकट्या काकांची. खाली एक ओळ वाढवली होती: हा निर्णय माझा, कनिष्ठ सहकाऱ्याचं मत वेगळं होतं. माझ्या बाजूने लिहिलेली ती ओळ वाचून मला जितकी लाज वाटली, तितकी कधी वाटली नव्हती.

लाइन बंद झाल्यापासून तिसऱ्या दिवशी कारण सापडलं. एका व्हॉल्व्हमधलं रबर झिजून त्याचे कण पाण्यात उतरत होते. मीटर अगदी खरं बोलत होता. ऑर्डर तशीच गेली असती तर सगळा माल परत आला असता. मॅनेजरने काकांना काही म्हटलं नाही, आभारसुद्धा नाही. पुढच्या वर्षी विभागांची फेररचना झाली, त्यात काकांची जागा उरली नाही. रबराचा आणि त्याचा संबंध होता का, हे कुणी सांगितलं नाही आणि काकांनी, चक्क काकांनी, विचारलंही नाही. त्यांची मुलगी दूर उत्तरेकडे रेडमंडला नोकरीला होती. घर विकून दोघं तिकडे गेले. सामान भरताना मी माफी मागायला लागलो, तर म्हणाले, ‘ते खोकं उचल आधी, त्यात काकूंचा मिक्सर आहे.’

गेल्या वर्षी माझं ग्रीनकार्ड आलं. पुण्याला आईला फोन करायच्या आधी मी रेडमंडला लावला. काका म्हणाले, ‘बरं झालं. आता नाही म्हणायला मोकळा झालास.’

त्यानंतर तशी वेळ दोनदा आली. एकदा मी नाही म्हणालो. दुसऱ्या वेळेचं काकांना अजून सांगितलेलं नाही.