लोकरीचा लांडगा

मिरजेत माझं ड्रेपरीचं दुकान आहे. नाटकांना आणि शाळांच्या गॅदरिंगला कपडे भाड्यानं द्यायचे. मावळा, वासुदेव, परी, फुलपाखरू, काय हवं ते मिळतं. नरलांडगा मात्र तीस वर्षांत कुणी मागितला नव्हता. तो मागितला विश्वजितनं. सांगलीतल्या हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, पुण्यात सिनेमा शिकून आलेला. त्याच्या सिनेमात एक माणूस लांडगा होतो आणि मेंढरांच्या कळपावर तुटून पडतो. "काका, पंधरा दिवसांत लांडग्याचं अंग करून द्या," असं तो म्हणाला, जसं काही मला शर्टाला बटण लावून द्यायचं होतं.

मुंबईहून मागवलेली फर उन्हात इतकी चकाकायची, की लांडगा नुकताच पार्लरमधून आलाय असं वाटावं. खरी काळी लोकर शोधत शोधत मी तासगावात दादासोंच्या दारात जाऊन पोचलो.

दादासो सत्तरीचे. उंच, काटक, डोक्याला पटका. सगळं आयुष्य मेंढरांमागं जतच्या, आटपाडीच्या माळांवर गेलेलं. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको हरणाबाई वारली आणि मुलानं, राजवर्धननं, त्यांना तासगावच्या घरी आणलं. मेंढरं भावकीतल्या आकारामला विकली. मुलगा-सून वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. राजवर्धन बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर कामाला, सून पल्लवी मिरजेत नर्स. दोघं सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. मधल्या वेळात घरात दादासो आणि फ्रीज. फ्रीज निदान अधूनमधून आवाज तरी करायचा.

विकण्याआधी मेंढरं शेवटची कातरली, ती लोकर दोन पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवलेली होती. लोकर आजकाल कुणी घेत नाही. सुनेला तिचा वास सोसत नव्हता, पण म्हातारा हलवू देत नव्हता.

"देतो," ते म्हणाले. "पर चिकटवनार मी. आन धुवायची न्हाई. धुतली की जीव जातोय तिचा."

मग ते रोज एसटीनं मिरजेला येऊ लागले. माझा परदेशी गोंद उन्हात वितळून लोकर खाली यायची. त्यांनी चिंचोके भिजवून वाटले, शिजवून खळ केली आणि घोंगडीला लावतात तशी कापडाला लावली. पुन्हा एक केस हलला नाही. काम करताना त्यांचं बोलणं चालायचं. "ही पवळीची. ही तिच्या लेकीची. ही त्या लंगडीची." मला सगळी लोकर सारखीच दिसायची, पण मी मान डोलवायचो. इतकी वर्षं नटांसोबत काढल्यावर एवढं जमतंच.

अंग घालायला सांगलीतला एक जिमवाला पोरगा ठरला होता. माळावर शूटिंगच्या पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात त्याला भोवळ आली आणि तो मोटरसायकलवर बसून जो गेला तो गेलाच. विश्वजित डोकं धरून बसला. दादासो लोकर नीट करायला आलेले होते.

"मी घालतो," ते म्हणाले.

"आबा, बेचाळीस डिग्री आहे," मी म्हटलं.

त्यांनी मला बाजूला घेतलं. "आवं, कळप आकारामनं आनलाय. म्हंजी माजीच मेंढरं की. आठ दिस त्यांच्यात ऱ्हायला मिळंल. घरी बसून मी काय करू सांगा."

मी त्यांना अंग चढवलं. पाठीमागची बटणं लावली.

आमच्याकडे रात्रीच्या दिव्यांना पैसे नव्हते, म्हणून रात्रीचा प्रसंग भर दुपारी, कॅमेऱ्याला काळी काच लावून घ्यायचा होता. लांडगा बाभळीमागून झेपावणार आणि मेंढरं चौफेर उधळणार. विश्वजित ओरडला, दादासो झेपावले. बासष्ट मेंढरांनी माना वर केल्या, वारा हुंगला आणि बें बें करत सगळीच्या सगळी लांडग्याकडे धावली. पवळी तर त्याच्या मांडीला डोकं घासायला लागली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या कळपानं भ्यायचं, त्याच कळपाच्या न धुतलेल्या लोकरीतून आम्ही लांडगा शिवला होता, आणि आत उभा केला होता त्यांचा धनी. आकाराम हसून हसून जमिनीवर बसला. विश्वजितचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तीन दिवस हेच. फटाके वाजवले, पत्रे बडवले. आवाज झाला की मेंढरं घाबरून लांडग्याच्याच आडोशाला जायची. दुपारच्या सुट्टीत मी मुखवटा काढला की दादासोंचा चेहरा घामानं निथळत असायचा आणि ते हसत असायचे. "एकबी इसरली न्हाई बगा. दोन वरसं झाली, एकबी न्हाई." त्या तीन दिवसांत तो माणूस पोटभर जेवला.

चौथ्या सकाळी विश्वजित शांतपणे म्हणाला, "आज झालं नाही तर कळप बदलतो. माणूसही बदलतो."

दादासोंनी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या पंधरा दिवसांच्या कामाचं मातेरं होत होतं, आणि मी चिडलेला होतो. म्हणालो, "आबा, तुम्हाला लांडगा माहितीय. एकदा तरी खरा लांडगा करा की. काम गेलं तर ही मेंढरंही गेलीच ना?"

त्यांनी कळपाकडं बघितलं. मग म्हणाले, "लांडगा आरडत येत न्हाई. आन असा समूरनंबी येत न्हाई."

ते लांबून वळसा घालून गेले. वारा तोंडावर घेतला, म्हणजे वास कळपाकडे जाणार नाही. पोटावर सरपटत खडकांमागून आले. कॅमेरा चालू होता आणि आम्हालाही ते दिसत नव्हते. एकदम कडेनं उठले, पवळीचा गळा धरला, तिला खाली आपटली आणि तिच्यावर बसले. आवाज नाही, काही नाही. पवळी किंचाळली. कळप फुटला. बाकीची एकसष्टच्या एकसष्ट वाट फुटेल तिकडं पळत सुटली.

विश्वजितनं उडीच मारली. टाळ्या पडल्या, कुणी शिट्टी वाजवली. दादासोंनी हात सोडले तशी पवळीही पळाली, आणि ते तसेच मातीत बसून राहिले.

कळप गोळा करायला आकारामला तास लागला. तोवर दादासोंनी अंग उतरवलं, हातपाय साबणानं धुतले, धोतर नेसलं, पटका बांधला आणि ते चालत कळपाकडे गेले. हाक घातली, आयुष्यभर घालत आले होते तीच. मेंढरं मागं सरली. पवळी एकटी पुढं उभी राहिली आणि तिनं पुढचा पाय जमिनीवर आपटला. एकदा, दोनदा. आकाराम पटकन दुसरीकडं बघायला लागला. मला काही कळलं नाही, मी त्याला विचारलं.

"लांडगा दिसला की मेंढरू तसं करतं," तो हळूच म्हणाला.

दादासोंची मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुमचं काय चुकलं न्हाई. धरलं मीच की."

राहिलेले चार दिवस ते वेळेवर येत राहिले. एक मात्र झालं. सकाळी अंग चढवलं की संध्याकाळपर्यंत उतरवायचे नाहीत. दुपारी सगळे सावलीत डबे उघडायचे आणि लांडगा एकटाच बाभळीखाली, कळपाकडं तोंड करून बसलेला असायचा. शेवटच्या दिवशी मला राहवलं नाही. पाणी घेऊन गेलो आणि म्हटलं, "आबा, काढा की ते. जीव जाईल उन्हात."

मुखवट्याच्या आतून आवाज आला, "ऱ्हाऊ द्या. ह्यात असलो आन ती पळाली, तर वाईट वाटत न्हाई."