खसच्या साबणाचे गिऱ्हाईक

तोट्याचा धंदा केलेल्या माणसाजवळ दुसरं काही साठत नाही, किस्से मात्र ढिगानं साठतात. निजामाच्या अखेरच्या काळात मी आणि रहीमभाईनं नांदेडात साबण काढला. मी शाळेतली मास्तरकी सोडली, त्यानं वडिलांचं अत्तराचं दुकान भावाला दिलं. खसचा तो वास जमवायला त्यानं अख्खा उन्हाळा घालवला होता. साबण खरंच चांगला होता. म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

पहिला माल नांदेडातल्याच एका किराणा दुकानात ठेवला. आठवड्यानं गेलो, तर वड्या तंबाखूच्या पोत्यावर रचलेल्या. रहीमभाईनं एक उचलून नाकाला लावली आणि डोळे मिटले.

"शेटजी, ह्याला जर्द्याचा वास येऊन राहिलाय."

शेटजी म्हणाले, "मग काय झालं? आमच्या जर्द्यालाबी तुमच्या साबणाचा येतोय. गिऱ्हाईक शिव्या देऊन राहिलंय. घेऊन जा."

&nbsp;

मग मोटारीनं लातूर गाठलं. तिथला व्यापारी गोड बोलायचा. विलायती साबणापेक्षा जास्त कमिशन पाहिजे, म्हणाला. दिलं. मोटारभाडं तुमचं, म्हणाला. तेही कबूल केलं. फुटका माल परत घ्यायचा, त्यालाही मान हलवली. चहा पाजून त्यानं आम्हाला निरोप दिला.

परतीच्या वाटेवर मी हिशेब मांडला. दर वडीमागं आम्हीच पदरचे घालत होतो.

रहीमभाई म्हणाला, "मास्तर, दुवा करा की तिथं खपू नये."

खपला नाही. एवढी एकच दुवा कबूल झाली.

&nbsp;

हदगावचा दुकानदार सरळ माणूस. त्यानं वडी उलटसुलट केली आणि विचारलं, "ह्यात चरबी कशाची हाय?"

"चरबी न्हाईच. नुसतं तेल," रहीमभाई म्हणाला.

"तुम्ही म्हणता ते खरं असंल. पर हिंदू गिऱ्हाईक म्हणंल, मुसलमानानं केलाय, गाईची असंल. मुसलमान म्हणंल, मास्तरानं केलाय, डुकराची असंल. एकट्यानं केला असता तर निम्म्या गावानं तरी घेतला असता."

रहीमभाईनं वडीचा कोपरा दातानं तोडला आणि भर रस्त्यात चावून गिळला. लोक गोळा झाले. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी तो हसून सगळ्यांकडं बघत होता.

गर्दी बरीच झाली. साबण कुणी घेतला नाही. जाताना दुकानदार हळूच म्हणाला, "उद्या बाजार हाय. उद्याबी येता का?"

&nbsp;

माझी बायको कधी कुरकुरली नाही. घरात माळवदाच्या छतापर्यंत वड्या रचल्या, तरी त्यातूनच वाट काढत स्वयंपाक करायची. एके दिवशी ताट वाढताना खाली मान घालून एवढंच म्हणाली, "शाळेत एक जागा रिकामी झालीय म्हणं."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

&nbsp;

साबण शिजवायची कढई विकायची बोलणी चालू होती, तेव्हा किनवटचा एक दुकानदार आपणहून नांदेडला आला. त्याच्याकडं थोडा माल ठेवून आम्ही विसरूनही गेलो होतो.

"सगळा संपला," तो म्हणाला. "अजून असंल तितका द्या."

रहीमभाईनं त्याला हाताला धरून बसवलं. "कोण घेतंय?"

"गाडीवान. जंगलातून लाकडं आणत्यात ते."

"रोज अंघोळ करत्यात?"

"अंघोळीला कशाला? चाकं लई करकरत्यात. आसाला चोळला की गप."

मी रहीमभाईकडं बघायचं टाळलं. मग त्याचाच आवाज आला, अगदी हळू. "आणि वास? वासाचं काही म्हणत्यात का?"

दुकानदारानं मनापासून विचार केला.

"गाडीवान काही म्हणत न्हाईत. पर बैलं चालता चालता मान वळवून मागं बघत्यात."